वीतभर तांबं आणि ९० हजार घरं

नवी मुंबईत नवं डेटा सेंटर येणार अशी बातमी आली की तिच्यात दोनच आकडे असतात. किती हजार कोटी आणि किती मेगावॅट. कोटी वाचून एक गट खूश होतो, मेगावॅट वाचून दुसरा चिडतो, आणि खाली जुंपते. त्या मेगावॅटचं आत नेमकं काय होतं, हे दोन्हीकडचं कुणी विचारत नाही. मी ऐरोली-महापे पट्ट्यातल्या अशाच एका इमारतीत नेटवर्कचं काम करतो, म्हणून आज जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

वीज कॉम्प्युटर चालवायला आणि ते थंड ठेवायला जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. तिसरा खर्च फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे माहिती एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे नेण्याचा. एआयचं मोठं मॉडेल एका चिपवर मावत नाही. हजारो जीपीयू एकच गणित वाटून घेतात आणि अर्धवट उत्तरं सतत एकमेकांना पाठवत राहतात. एकाचं उत्तर उशिरा आलं की बाकीचे वीज खात नुसते थांबून राहतात. म्हणजे तारा हा इथे किरकोळ भाग राहिलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, तारा तर फायबरच्या असतात, प्रकाशाला कसली वीज? खरं आहे. पण प्रकाश सुरू कुठे होतो ते बघा. स्विचची मुख्य चिप डब्याच्या मधोमध असते. तिथून विजेचा सिग्नल बोर्डावरच्या तांब्यातून वीतभर चालत डब्याच्या तोंडापर्यंत येतो. तिथे बोटाएवढं मॉड्यूल खोचलेलं असतं (आम्ही अजून सवयीने त्याला एसएफपीच म्हणतो, नाव कधीच बदललं तरी). ते मॉड्यूल विजेचा प्रकाश करतं. पुढे फायबर, मग किलोमीटर दोन किलोमीटर गेलं तरी चिंता नाही.

घोळ त्या वीतभर तांब्यात आहे. आजच्या वेगाला तांबं सिग्नल अक्षरशः खाऊन टाकतं. एनव्हिडियाने दिलेला आकडा २२ डेसिबलचा आहे. म्हणजे निघालेल्या शक्तीतला साधारण दीडशेवा हिस्सा टोकाला पोचतो. तो मेलेला सिग्नल पुन्हा उभा करायला मॉड्यूलमध्ये वेगळी चिप लागते, आणि खरी खादाड तीच. ८०० गिगाबिटचं एक मॉड्यूल १५ वॅटच्या आसपास घेतं. ६४ पोर्टचा स्विच पूर्ण भरला की ९६० वॅट झाले. घरातली इस्त्री साधारण तेवढीच घेते. अशी एकेक इस्त्री प्रत्येक स्विचच्या तोंडाला चोवीस तास चालू, आणि तिची उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज. चालू स्विचमधून नुकतंच उपसलेलं मॉड्यूल हातात धरवत नाही, हे आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात कळतं.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. प्रकाश डब्याच्या तोंडाशी कशाला, चिपच्या कुशीतच तयार करायचा. इथे सिलिकॉन फोटॉनिक्स येतं. संवादासाठी वापरतात त्या अवरक्त प्रकाशाला सिलिकॉन पारदर्शक असतं. त्यामुळे ज्या वेफरवर ट्रान्झिस्टर कोरतात, तशाच वेफरवर प्रकाशासाठी सूक्ष्म पाट कोरता येतात, अर्ध्या मायक्रॉनएवढे रुंद. त्याच चिपवर प्रकाश चालू-बंद करणारा भाग बसतो, आणि जर्मेनियम वापरून प्रकाश ओळखणाराही. नाही बसत तो फक्त लेझर. सिलिकॉन स्वतः धड उजेड देत नाही, त्यासाठी इंडियम फॉस्फाइडसारखं दुसरं द्रव्य आणावं लागतं.

हे काल-परवाचं नाही. १९८०च्या दशकात रिचर्ड सोरेफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने याचा पाया घातला, २००४ मध्ये इंटेलने गिगाहर्ट्झ वेगाचा सिलिकॉन मॉड्युलेटर दाखवला, २०१६ पासून त्यांची मॉड्यूल्स बाजारात आली. पण ती तोंडाशी खोचायचीच होती, वीतभर तांबं तिथेच राहिलं. ते जाऊ लागलंय आत्ता. ब्रॉडकॉमने असे स्विच आणले. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियाने आपले जाहीर केले. त्यांच्या हिशोबाने तोटा २२ वरून ४ डेसिबलवर येतो आणि १६०० गिगाबिटच्या एका पोर्टचा खर्च ३० वॅटवरून ९ वर.

आकडे विकणाऱ्याचे आहेत, तेव्हा मीठ लावूनच घ्या. तरी हिशोब करून बघू. फार मोठ्या जाळ्यात एका जीपीयूमागे सहा मॉड्यूल लागतात, असं त्यांचे जेन्सन हुआंग तेव्हा म्हणाले. सहा गुणिले २१, म्हणजे जीपीयूमागे १२६ वॅट वाचले. जीपीयू स्वतः हजारेक वॅट खातो, तेव्हा ही बचत म्हणजे चमत्कार नव्हे. पण एक लाख जीपीयूंना १२.६ मेगावॅट, महिन्याला सुमारे ९० लाख युनिट. महावितरणच्या बिलातला पहिला टप्पा १०० युनिटांचा. त्या टप्प्यातली ९० हजार घरं त्यात चालतील.

मग प्रश्न असा, की ही वाचलेली वीज आपल्याला दिसेल का? माझं उत्तर: आजच्या मोजपट्टीने नाही दिसणार. डेटा सेंटर किती काटकसरी हे पीयूई नावाच्या आकड्याने मोजतात. इमारतीची एकूण वीज भागिले आतल्या यंत्रांची वीज. १.३ चांगला, १.८ वाईट. पण यात मॉड्यूलची वीज 'यंत्रांची' म्हणजे कामाची धरली जाते. स्विचच्या तोंडची इस्त्री हिशोबात उपयुक्त! उलट ती बंद केली आणि एसी तेवढ्याच प्रमाणात कमी झाला नाही, तर भागाकार बिघडतो. वीज वाचवणाऱ्याचा पीयूई वाईट दिसायचा. ब्रोशरवर पीयूई मोठ्या अक्षरात छापणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट ठिबकसारखी. ठिबकने पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी अर्धा एकर ऊस लागला तर विहिरीला काय फरक पडला? इथेही तेच होणार. वाचलेल्या १२ मेगावॅटमध्ये कंपनी आणखी जीपीयू बसवणार. व्यवसाय म्हणून ते योग्यच आहे. पण २०२३च्या आयटी धोरणात आपलं राज्य डेटा सेंटरांना वीजशुल्काची माफी आणि मुद्रांकशुल्कात सवलत देतं. पैसा सार्वजनिक आहे, तर हिशोबही सार्वजनिक हवा. युरोपीय संघात ५०० किलोवॅटच्या वरच्या डेटा सेंटरांना वीज आणि पाण्याचे आकडे दरवर्षी कळवावे लागतात. माझी मागणी एक पाऊल पुढची आहे. नेटवर्कची वीज वेगळ्या ओळीत दाखवा. माफी हवी असेल तर ती ओळ भरा. मीटर बसवायला अवघड नाही, आमच्या प्रत्येक रॅकच्या पट्टीला आधीच आहे.

आपलं स्थान कुठे, हेही बघायला हवं. संभाजीनगरला स्टरलाइट टेक्नॉलॉजीज काचेपासून फायबर बनवते. म्हणजे पाट आपला. त्या पाटात प्रकाश सोडणारी चिप मात्र बाहेरून येते. केंद्राच्या सेमीकंडक्टर योजनेत सिलिकॉन फोटॉनिक्सच्या कारखान्याला निम्म्या भांडवली खर्चाची मदत आहे, आणि आयआयटी मद्रासमध्ये या विषयाचं केंद्र काम करतंय. मोठा नॅनोमीटरवाला कारखाना उभारण्यापेक्षा हे आवाक्यातलं आहे. प्रकाशाचे पाट कोरायला सगळ्यात बारीक तंत्र लागत नाही. डेटा सेंटरसाठी भूखंड वाटताना या बाजूला कुणी बघताना दिसत नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. आज मॉड्यूल मेलं तर रात्री दोन वाजताही पाच मिनिटांत बदलता येतं. चिपच्या कुशीत बसलेलं ऑप्टिक गेलं, तर अख्खा स्विच उतरवायची वेळ येऊ शकते. मेटाकडच्या चाचणीत दहा लाख पोर्ट-तास लिंक एकदाही तुटली-जोडली नाही, असं ब्रॉडकॉमने २०२५ मध्ये सांगितलं. चांगलं आहे, पण माझा विश्वास इथल्या धुळीत बसायला अजून वेळ आहे.

आमच्याकडची पोरं हल्ली विचारतात, मॉड्यूलच गेलं तर आपलं काय? मॉड्यूल बदलणं हे आयटीआय करून आलेल्यांचं अर्धं काम. मी त्यांना एनव्हिडियाच्या नव्या डब्याचा फोटो दाखवला. लेझर उष्णतेने लवकर मरतो, म्हणून तो बाहेर, तोंडाशीच, बदलता येईल असा ठेवलाय. फायबरची टोकंही तिथेच. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर एक कण बसला तरी लिंक पडते, तेव्हा टोक पुसायचं काम कुठे जात नाही. मॉड्यूल बदलायचं काम मात्र जाईल, हेही मी त्यांना सांगितलं. त्यातल्या दोघांनी गेल्या महिन्यात फायबर तपासणीचा कोर्स लावलाय, स्वतःच्या पैशाने.