डावा गुडघा

माझ्या लघुपटातली आजी काही केल्या चालेना. पंधरा दिवस मी बागेत, स्टेशनवर म्हाताऱ्या बायकांची चाल न्याहाळून येत होतो आणि संगणकावर आजीला चालवत होतो. पाऊल पुढे पडायचं, पण पावलावर वजन पडायचं नाही. शेवटी ठरवलं, खऱ्या माणसाची चालच उचलायची. तयार मोशन कॅप्चर सूट परवडणारा नव्हता, म्हणून घरीच करायला घेतला.

एमपीयू-६०५० हा सेन्सर टपालाच्या तिकिटाएवढा. आपण किती कललो, किती वेगाने वळलो, एवढंच त्याला कळतं. असे १३ घेतले : डोकं, छाती, कंबर, आणि दोन्हीकडचे दंड, मनगटं, मांड्या, पोटऱ्या, पावलं. एका तारजोडीवर या सेन्सरचे दोनच पत्ते चालतात. म्हणून मध्ये ८ वाटांचा मल्टिप्लेक्सर बसवला. ईएसपी३२ सगळी मापं वायफायने लॅपटॉपवर धाडायचा आणि ब्लेंडरमधला काड्यांचा माणूस हलायचा.

सूट आईने शिवला. "सेन्सर जागचा हलता कामा नये," म्हटल्यावर तिने ट्रॅकसूटला घट्ट खिसे लावले, वरून इलॅस्टिकच्या पट्ट्या. घालायचा कोणी, हाही प्रश्न नव्हता. "म्हणजे मी म्हातारी का रे?" म्हणाली, आणि घातला.

जायरोस्कोपची चूक साचत जाते. आई सरळ स्वयंपाकघराकडे चाललेली असायची आणि काड्यांचा माणूस हळूहळू भिंतीकडे तोंड फिरवायचा. मग तिला हात पसरून उभं करायचं, पुन्हा सुरुवात. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हता तो डावा गुडघा. उजवा पाऊल उचलताना छान वाकायचा, डावा जेमतेम. कलण्याचं माप गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने दुरुस्त होत राहतं. तिथे एवढी चूक यायला नको होती.

पट्ट्या आवळल्या. तारा बदलल्या. शेवटी दोन्ही पायांचे सेन्सर अदलाबदल केले. सेन्सर बिघडला असता तर दोष उजवीकडे गेला असता. तो डावीकडेच राहिला.

"आई, गुडघा दुखतो?"

"दोन वर्षं झाली. तुझं झालं का? कुकर लावायचाय."

उजव्या पायाची हालचाल उलटवून डाव्याला चिकटवणं हे दोन मिनिटांचं काम. तसं केलं नाही. आजी आता चालते. डावा पाय किंचित ओढत, भिंतीला बोटं टेकवत. ती बोटं मी मुद्दाम घातलेली नाहीत. आई तशीच चालली होती.

सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिला रिक्षा नको, चालत जाऊ म्हणते. मी रिक्षाच बोलावणार आहे.