बलाबलविचार

परीक्षेचे निकाल सोडले, तर आमच्या घरांत मोठ्या आवाजाचे प्रसंग थोडेच. गेल्या दिवाळीच्या सुटींत त्यांत एकाची भर पडली. माझा नातू आणि माझ्या धाकट्या बंधूंचा नातू, दोघेही एकाच इयत्तेंत, वयानें चार महिन्यांच्या अंतराचे, पडद्यासमोर बसून हातघाईवर आले होते. वादाचा विषय एवढाच, कीं रियू बलवान कीं केन? हे दोघे कोण, हें मला ठाऊक नव्हतें. पण मास्तरकींत जन्म गेल्यामुळें निवाडा करण्याची खोड अंगांत मुरलेली. मीं मध्यें पडून म्हटलें, "अरे, एकदां काय तें सांगून टाका. दोघांत बलवान कोण?" त्यावर धाकट्यानें माझ्याकडे न पाहतांच विचारलें, "कोणत्या भागांत, आजोबा?"

प्रश्न मला आगाऊपणाचा वाटला. पुढें आठवडाभर त्या दोघांजवळ बसून जें समजलें, त्यावरून तो तसा नव्हता असें आतां म्हणतों.

जपानांतील कॅपकॉम या कंपनीनें १९८७ सालीं 'स्ट्रीट फायटर' नांवाचा द्वंद्वयुद्धाचा खेळ काढला. त्यांतील रियू व केन हे गुरुबंधु. एक जपानी, दुसरा अमेरिकन. पहिल्या भागांत दोघांच्या बळांत गुंजभरही फरक नव्हता. एकटा खेळणारा रियू होई, दुसरा गडी आला कीं त्याच्या वांट्याला केन येई, इतकेंच. १९९१ च्या दुसऱ्या भागांतही ते जवळजवळ जुळेच राहिले. हातांतून तेजाचा गोळा सोडणें, उसळी घेऊन हनुवटीवर ठोसा मारणें व गिरकी घेत लाथ हाणणें या तिन्ही विद्या दोघांनाही अवगत. १९९२ च्या सुधारून काढलेल्या आवृत्तींत वाटा फुटल्या. केनचा ठोसा अधिक लांब पोहोंचूं लागला, पुढच्या वर्षीं त्यांतून ज्वाळाही निघूं लागल्या. रियूची भिस्त मुख्यतः गोळ्यावर राहिली.

मला साहजिकच शल्यपर्वाची आठवण झाली. भीम व दुर्योधन दोघेही गदाविद्येंत बलरामाचे शिष्य. पण त्यांची तुलना करतांना श्रीकृष्ण भीमाला बलवान म्हणतो आणि दुर्योधनाला कुशल. हें स्थळ मीं मुलांना सांगितलें. थोरला म्हणाला, "म्हणजे टियर लिस्ट तेव्हांही होतीच!" खेळणारे लोक योद्ध्यांची जी उतरंड लावतात, तिला हें नांव आहे.

१९९४ सालीं याच विद्येचा तिसरा जाणकार अवतरला. तो अकुमा, रियू-केनच्या गुरूचा भाऊ. हा गोळा जमिनीवरूनच काय, हवेंत उडी घेऊनही फेकी, आणि इतका अनावर झाला कीं स्पर्धांतून त्याला मज्जाव करावा लागला. २००८ च्या चौथ्या भागांत रियूला व केनला सहनशक्तीचे १००० अंक दिले, आणि अकुमाला अवघे ८५०. मारावें फार, सोसावें थोडें. असे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत.

खरी मौज तिसऱ्या भागाची. १९९७ सालीं निघालेल्या या भागांत एक नवा नियम आला. शत्रूचा आघात अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणीं पुढें सरकण्याची खूण केली, तर तो आघात निष्फळ होतो. या एका नियमानें दुरून गोळे फेकणाऱ्या रियूची मिजास उतरली व जवळ भिडणारा केन वर चढला. १९९९ च्या आवृत्तींत तर केन पहिल्या तिघांत गणला जातो. २००४ सालीं कॅलिफोर्नियांतील एव्हो स्पर्धेंत जपानच्या दाइगो उमेहारा यानें केन घेऊन, प्राण कंठाशीं आले असतां, चुन-लीच्या लाथांचे लागोपाठ पंधरा आघात याच युक्तीनें परतवून डाव जिंकला. तें चलच्चित्र मुलांनीं मला चार वेळां दाखविलें; चौथ्या वेळीं मींच मागून घेतलें. याच दाइगोनें २००९ व २०१० सालीं चौथ्या भागाच्या स्पर्धा जिंकल्या, त्या मात्र रियू घेऊन. उलट २०२३ च्या सहाव्या भागाची पहिली एव्हो स्पर्धा केन घेणाऱ्यानें जिंकली. तेव्हां माझ्या प्रश्नाला खरोखरच उत्तर नव्हतें.

आतां धाकट्याविषयीं. तो रियू घेत नाहीं, केनही घेत नाहीं. तो शॉन घेतो. शॉन हा ब्राझीलचा पोरगा, केनला गुरु मानणारा. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तींत तो चांगलाच प्रबळ होता. १९९९ च्या आवृत्तींत त्याचे घाव बोथट केले गेले आणि तो उतरंडीच्या तळाशीं गेला. चौथ्या व पाचव्या भागांत तर त्याला रणांगणांत उतरूंच दिलें नाहीं. "मग पहिल्यासारखा बलवान असलेल्या आवृत्तींत का खेळत नाहींस?" मीं विचारलें. तो म्हणाला, "दादा तिसऱ्यांतच खेळतो ना."

हा मुलगा सातवीपर्यंत वर्गांत पहिला असे. आठवींत दोघांची शाळा बदलली, शिकविण्याची भाषा बदलली, आणि तो मागें पडला. थोरला पुढें गेला. पंक्तींत सर्वांदेखत मीं त्याला कितीदां म्हटलें आहे, "तूंच ना रे तो पहिला येणारा? आतां काय झालें?" तो पानांतलें संपवून मुकाट्यानें उठे. त्याच्या आजीनें मला एकदां बजावलें होतें. मीं तें स्त्रीस्वभावाचें मानलें.

निकालपत्रक गेल्या आठवड्यांत आलें. त्याचे वडील परगांवीं, म्हणून सही माझ्याकडे. गणितांत ४१. मीं सही करून कागद परत दिला. मी आणखी कांहीं बोलेन म्हणून तो दाराशीं थोडा वेळ उभा राहिला.

रात्रीं त्यानेंच खेळाचें यंत्र माझ्या हातीं दिलें. "आजोबा, तुम्हीं शॉन घ्या." मीं घेतला. थोरल्याच्या केननें मला पहिल्या डावांत उठूंसुद्धां दिलें नाहीं. शॉनपाशीं प्रतिपक्षाला चिडविण्यासाठीं फेकावयाचा बास्केटबॉल असतो, असें धाकट्यानें माझ्या कानांत सांगितलें.

"कोणतें बटण?" मीं विचारलें.