पैठणची बाकी

छत्रपती संभाजीनगराहून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटर गेले की गोदावरीच्या काठी पैठण लागते. या गावाला येणारा प्रत्येक जण आपापले पैठण मनात घेऊन येतो. फाल्गुन वद्य षष्ठीला वारकरी येतात, ते नाथांच्या पैठणला. आपले बांधव भगवान मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला येतात, आणि अमावास्या शनिवारी आली म्हणजे मंदिराच्या परिसरात पाय ठेवायला जागा उरत नाही. शाळांच्या सहली ज्ञानेश्वर उद्यानाकडे वळतात. लग्नघरची मंडळी मात्र गाडीतून उतरताच मागाचा पत्ता विचारतात. मागील वर्षी आम्ही पतिपत्नी पैठणला गेलो, ते एका जुन्या हिशेबासाठी.

आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांना या गावाचे खरे अगत्य वाटायला हवे. सातवाहनांचे प्रतिष्ठान हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, असे तो सांगतो. तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून मालाच्या गाड्या भडोचला उतरत. कापडाच्या धंद्यात तिसरी पिढी घालवलेल्या आमच्या यजमानांना एक गोष्ट मात्र रुचली नाही. या यादीत पैठणच्या नावावर अकीकासारखे मौल्यवान दगड आहेत आणि कापडाचे श्रेय तेरला दिलेले आहे. “त्याने चुकून उलटे लिहिले असेल,” असे ते गाडीत दोनदा म्हणाले.

ग्रीक व्यापाऱ्याने माल मोजला, दिवस मोजले. त्या गाड्यांबरोबर गेलेल्या माणसांच्या घरी काय चालले होते, ते त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते आपल्याला दुसऱ्या एका ग्रंथात सापडते. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ माहाराष्ट्री प्राकृतात आहे. राजाचे नाव असले तरी तीत दरबार क्वचितच दिसतो. शेत, विहीर, पाणवठा, सासू, दीर, सवत, पहिला पाऊस आणि ‘गोला’ या लाडक्या नावाने येणारी गोदावरी, असा तिचा संसार आहे. काही गाथा स्त्रियांनी रचल्याचे परंपरा सांगते. शृंगार पुष्कळ आहे, त्यामुळे हा ग्रंथ मुलांच्या हाती देण्यापूर्वी घरातील वडीलधारी मंडळी जरा थबकतील. परंतु परगावी गेलेल्या पतीची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे मन इतक्या थोड्या शब्दांत मी अन्यत्र वाचलेले नाही. त्यातील एक नवविरहिणी पती गेलेल्या दिवशीच भिंतीवर रेघा ओढू लागते आणि अर्धा दिवस सरण्याच्या आत भिंत भरून टाकते.

या ग्रंथाची स. आ. जोगळेकर यांनी सिद्ध केलेली मराठी आवृत्ती १९५६ साली निघाली. तिची एक जीर्ण प्रत यजमानांनी मला लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आणून दिली. ते स्वतः वर्तमानपत्राच्या पलीकडे फारसे वाचत नाहीत. मालाच्या खरेदीला गेले की कामे आटोपून रद्दीच्या दुकानात डोकावायचे आणि जाडजूड दिसेल ते पुस्तक माझ्यासाठी घ्यायचे, हा त्यांचा परिपाठ. पुस्तकाची निवड ते जाडीवरून करीत, हे त्यांनीच मला पुढे सांगितले. त्या निवडीने माझे वाचन घडले, हे मी कृतज्ञतेने नमूद करते.

आता त्या हिशेबाविषयी. आमच्या सासूबाई १९६० साली लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांच्या आजीची पैठणी त्यांच्याबरोबर आली. अस्सल जरीची होती. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील गावोगावच्या दुकानांप्रमाणे आमचेही दुकान अडचणीत आले. शेतकऱ्यांकडे उधारी अडकली, पीक आले नाही, आणि ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांच्या दारी वसुलीला जायचे नाही, असे सासऱ्यांनी ठरवले. परंतु ज्यांच्याकडून माल आणला होता त्यांचे देणे थांबत नव्हते. त्या काळी जुन्या पैठण्या जाळून जरीतील चांदी काढणारे लोक गावोगाव फिरत. सासूबाईंनी कोणालाही न विचारता पैठणी त्यांना दिली आणि आलेले तीनशे ऐंशी रुपये गल्ल्यात ठेवले.

सासऱ्यांना हे संध्याकाळी रोजमेळ लिहिताना कळले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी खतावणीत सासूबाईंच्या नावाचे खाते उघडले आणि तीनशे ऐंशी रुपये जमा मांडले. पुढील पाडव्याला नवी वही आली, बाकी पुढे ओढली गेली. दुकान सावरले, दुमजली झाले, सासरे गेले. ती रक्कम दरवर्षी नव्या वहीत येत राहिली. हिशेब संगणकावर गेला तेव्हा हिशेबनिसाने विचारले, हे देणे कोणाचे, इतक्या वर्षांत फेडले का नाही? यजमान म्हणाले, “ते तसेच राहू द्या.” परंतु मागील वर्षी नातीचे लग्न ठरले आणि त्यांच्या मनाने घेतले की आता हे देणे फेडावे, पैशाने नव्हे तर पैठणीने, आजीच्या हातून ती नातीला मिळावी.

अडचण अशी की सासूबाईंनी पुढे एका चातुर्मासात रेशमाचा त्याग केला होता. रेशमाचा लांब धागा अखंड मिळावा म्हणून कोशातील जीव उकळत्या पाण्यात मारला जातो, हे त्यांनी प्रवचनात ऐकले आणि त्याच दिवशी नियम घेतला. पैठणी गेली म्हणून त्यांनी रेशीम सोडले, असे नातेवाईक म्हणत. सासूबाईंचे त्यावर उत्तर ठरलेले: “जे हातात नाही ते सोडायला नियम कशाला लागतो?”

पैठणच्या विणकेंद्रात आम्ही बराच वेळ उभे होतो. काठ आणि पदर यांतील प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर असतो. विणकर त्या कांड्या हातांनी फिरवीत, धाग्यात धागा गुंतवीत एकेक ओळ पुढे नेतो. कमळ, मुनिया, बांगडी मोर, आसावली यांतील एखादी आकृती डोळ्यांदेखत पुरी होईल अशा आशेने बसावे, तर तासाभरात कापड बोटभरही सरकत नाही. पदर भरगच्च असेल तर एका साडीला कित्येक महिने जातात. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी मागावर बसलेल्या माणसाच्या पाठीचे दुखणे त्याने थांबत नाही. यजमानांनी दर विचारले, घासाघीस केली नाही. अहिंसेचा प्रश्न रेशमापाशी थांबतो की विणकराच्या मजुरीपर्यंत जातो, यावर आमचे बोलणे चहाच्या टपरीवर पुष्कळ वेळ चालले आणि तेथेच राहिले. पैठणी आम्ही घेतली नाही.

तेथून नाथवाड्याकडे गेलो. एकनाथांनी इ. स. १५७१ मध्ये काशी येथे ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. मुलीचे लग्न जमावे म्हणून त्याची पारायणे आजही महाराष्ट्रात होतात. आपल्या परंपरेलाही रुक्मिणी परकी नाही. जिनसेनाचार्यांच्या ‘हरिवंशपुराणा’त, शके ७०५ मध्ये, ती आहे, आणि तिचा पुत्र प्रद्युम्न तर जैन कवींचा आवडता नायक. विवाहासाठी ग्रंथ वाचणे ही कल्पना मला गोड वाटते. विवाहानंतर काय वाचावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आपल्यातील श्वेतांबर परंपरा सांगते की कालकाचार्यांनी संवत्सरी पंचमीऐवजी चतुर्थीला केली, ती याच प्रतिष्ठाननगरीत. पंचमीला नगरात इंद्रोत्सव असे, आणि राजाला दोन्हीकडे उपस्थित राहणे शक्य नव्हते. त्याची विनंती आचार्यांनी मानली. कल्पसूत्राच्या जुन्या सचित्र पोथ्यांना कालकाचार्यांची कथा जोडलेली आढळते. चौथ की पंचमी, हा वाद आपल्या घरांत अजून ऐकू येतो. मला त्यात पडायचे नाही. त्या दिवशी आपण एकमेकांना जे दोन प्राकृत शब्द म्हणतो, ‘मिच्छामि दुक्कडम्’, ते या नगरीच्या गाथांच्या भाषेचे जवळचे नातलग आहेत, एवढेच मनात आले. आमच्या घरी सासरे ते शब्द सर्वांत आधी सासूबाईंना म्हणत, मग थोरल्या भावांना. हा क्रम पाहुण्यांना खटके. सासऱ्यांनी तो कधी बदलला नाही.

परतताना नाथसागराच्या बांधाजवळ गाडी थांबवली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. म्हणजे सासूबाईंनी पैठणी दिली त्या वर्षी येथे पाणी अडवण्याचे काम चालूच होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी रिकामे हात पाहिले आणि बऱ्याच दिवसांनी त्या मोकळ्या हसल्या. मी त्यांना भिंतीवर रेघा ओढणाऱ्या त्या स्त्रीची गाथा समजावून सांगितली. सासरे मुंबईला, सुरतेला माल आणायला जात, तेव्हा आठ-आठ दिवस दुकान त्याच पाहत. त्या म्हणाल्या, “तिला वेळ होता. मला गल्ला लिहायचा असे. वहीत अमुक पाने भरली की हे येणार, एवढे ठाऊक असे.”

यजमानांनी पैशाचा विषय काढला. व्याजासह रक्कम त्यांच्या नावे ठेवतो, त्यांनी ती हवी तिकडे द्यावी, असे ते म्हणाले.

“नको,” सासूबाई म्हणाल्या. “पाटीवर तुझ्या वडिलांचे नाव आहे, खाली तुझे आहे. माझे नाव त्या दुकानात एवढ्याच एका जागी आहे. देणे फेडलेस तर खाते बंद होईल.”

संगणक असला तरी आमच्या दुकानात दिवाळीला एक लाल वही अजून पुजली जाते. या पाडव्याला ती लिहायला यजमानांनी मुलीला बसवले. पहिल्या पानावर तिने आजीचे पूर्ण नाव लिहिले आणि पुढे, मागील बाकी, रुपये तीनशे ऐंशी जमा.