त्या दिवशी पाऊस होता का?

माझं आजोळ बेळगुंदी. बेळगावच्या पश्चिमेला, रताळ्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. जून १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात तिथे गोळीबार झाला आणि माणसं मृत्युमुखी पडली. तेव्हा आई अकरा वर्षांची होती, मामा आठचा. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मले, त्यामुळे तो दिवस मला फक्त त्यांच्या बोलण्यातून माहीत.

गेल्या मे महिन्यात सोप्यात बसलो असताना पुन्हा विषय निघाला. आई म्हणाली, "पाऊस भुरभुरत होता. आजी दारात उभी होती, तिनं मला हाताला धरून आत ओढलं."

मामा उसळलाच. "काय सांगूलालीस गे अक्का? कडक ऊन होतं. आई शेतातनं पळत आली, डोक्यावर रताळ्याच्या वेलांचा भारा तसाच!"

दोघंही शपथेवर सांगायला तयार. दोघंही प्रामाणिक. मग खोटं कोण बोलतंय?

मानसशास्त्र शिकताना मला याचं उत्तर मिळालं होतं, पण ते घरात लागू पडेल असं वाटलं नव्हतं. ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी १९६८ साली स्मृतीचे तीन टप्पे मांडले. डोळ्यांकानांवर क्षणभर रेंगाळणारी संवेदन स्मृती, काही सेकंद टिकणारी अल्पकालीन स्मृती आणि वर्षानुवर्षं राहणारी दीर्घकालीन स्मृती. हे वाचून वाटतं, एकदा शेवटच्या कोठीत माल गेला की तो जसाच्या तसा राहणार. पण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं, की आठवताना आपण गोष्ट नव्याने रचतो. जे विसरलो तिथे ओळखीचं काहीतरी भरतो आणि भरलंय हे आपल्यालाही कळत नाही.

मोठ्या धक्क्याच्या आठवणी तरी पक्क्या असतील? त्याचीही परीक्षा झाली आहे, आणि योगायोगाने तीही १९८६ चीच. २८ जानेवारीला अमेरिकेचं 'चॅलेंजर' यान कोसळलं, सात अंतराळवीर गेले. दुसऱ्याच दिवशी अटलांटातल्या एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होतात? सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यांतल्या चौथाई जणांची मुख्य उत्तरं पूर्णपणे चुकली, पण आत्मविश्वास मात्र दांडगा. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही त्यांना जुनी आठवण परत आली नाही.

म्हणजे आठवण किती स्पष्ट आहे यावरून ती किती खरी आहे हे ठरत नाही. याचा अर्थ घटना घडलीच नाही असा मात्र मुळीच नाही. यान कोसळलं होतं. बेळगुंदीत गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. हलतात ते तपशील : ऊन, पाऊस, दार, भारा.

मी हे सगळं सोप्यात सांगितलं. मामा म्हणाला, "म्हणजे आम्ही दोघंही चुकलोय म्हण की!" आई गप्प झाली. तिला वाईट वाटलं होतं. चाळीस वर्षं जपलेला आईच्या हाताचा स्पर्श कुणी असा तपासायला घेतला, तर वाटणारच.

कोपऱ्यात वाल निवडत बसलेली आजी तेव्हा बोलली, "पाऊस हुता का ऊन, मला म्हाईत न्हाई. तुमी दोघं घरात हायसा का, तेवढंच मी सारखं बघत हुते."

यावर मात्र कुणी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन वह्या आणल्या. आईला एक, मामाला एक. एकमेकांना न विचारता लिहायचं, असं ठरवलं, कारण एकत्र बसून बोललं की एकाची आठवण नकळत दुसऱ्याची होते. आजीचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि वर तारीख घातली. वह्या जुळवून 'खरं' काय ते ठरवायचा माझा विचार नाही. दोन्ही तशाच ठेवणार आहे.

तुमच्या घरीही अशा वेगवेगळ्या आठवणी असतील. या सुट्टीत प्रत्येकाला वेगळं बसवून लिहून घ्या. आणि कुणी म्हणालं, "मला लख्ख आठवतंय," तर हसू नका, पण वही मात्र पुढे करा.