अमानत आणि अनामत

निवडणुकीत उमेदवाराची 'अनामत' जप्त होते, भाड्याचं घर घेताना आपण 'अनामत' भरतो. हा शब्द मूळचा अरबी, 'अमाना'. फारसीत 'अमानत' झाला आणि आपल्याकडे येता येता अक्षरांची अदलाबदल झाली. अर्थ : विश्वासाने सोपवलेली वस्तू. इस्लामी बँकिंगबद्दल वाचताना तो पुन्हा भेटला.

इस्लामी बँक व्याज घेत नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. १९६३ साली इजिप्तमधल्या मित घम्र गावात अहमद अल-नज्जार यांनी अशी बिनव्याजी बचत बँक काढली होती. पण व्याज नाही तर मग चालतं कसं?

एक प्रकार 'मुदारबा'. पैसा एकाचा, कष्ट दुसऱ्याचे, नफ्याची वाटणी आधीच ठरलेली. तोटा झाला तर पैसेवाल्याचा पैसा बुडतो, दुसऱ्याची मेहनत फुकट जाते. त्याने लबाडी किंवा हयगय केली असेल, तरच भरपाई त्याच्याकडून. कारण त्याच्या हातातला पैसा ही अमानत! दुसरा प्रकार 'मुराबहा'. बँक वस्तू स्वतः विकत घेते आणि नफा लावून आपल्याला विकते. मात्र मूळ किंमत किती नि नफा किती, हे खरं सांगावं लागतं.

सगळी भिस्त विश्वासावर, म्हणजे कागद नकोच, असं वाटेल ना? पण कुराणातली सर्वांत मोठी आयत (२:२८२) सांगते, की मुदतीचं देणं लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. आणि लगेच पुढची आयत म्हणते, ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने अमानत परत करावी. लिहिणं आणि विश्वास, दोन्ही शेजारी शेजारी.

इथे मला आमच्या नात्यातले दोन सख्खे भाऊ आठवले. (घरचे वाचत असतील तर ओळखतीलच!) थोरल्याने धाकट्याच्या दुकानात पैसे घातले. 'आपल्या माणसात कागद कशाला?' दुकान बुडालं. थोरला म्हणे, उसने दिले होते. धाकटा म्हणे, भागीदारी होती, बुडाले ते दोघांचे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तोटा कुणाचा, एवढंच आधी ठरलं नव्हतं. शेवटपर्यंत दोघे एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

आपल्याकडे कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. मला आता उलट वाटतं. ज्याच्याशी संबंध टिकवायचा आहे, त्याच्याशी तोट्याचं बोलणं आधी करावं. अवघड जातं खरं. पण ते बोलता येतं, तिथेच विश्वास आहे म्हणायचं.