मुका मार

मराठीत ‘मुका मार’ असा एक शब्दप्रयोग आहे. रक्त आले नाही, कातडी फाटली नाही, हाड मोडले नाही, तरी आत कुठेतरी दुखावले आहे, एवढे तो सांगतो. पाठीला किंवा मांडीला असा मार बसला तर आंबेहळदीचा लेप लावावा, चार दिवस शेक द्यावा आणि विसरून जावे, ही आपली रीत. डोक्याच्या बाबतीत मात्र हा शब्द फसवा ठरतो. तेथला मार मुका असला तरी तो थोडा असतोच असे नाही. त्याला स्वतःची वाचा नसते, आणि पुष्कळदा ज्याला तो बसला त्यालाही त्याचा पत्ता नसतो.

माझ्या मावसभावाच्या अपघाताने या शब्दाकडे मला नव्याने पाहायला लावले. तो मुद्रितशोधक. तीस वर्षे त्याने इतरांची पुस्तके शुद्ध केली. माझीही दोन पुस्तके त्याच्या नजरेखालून गेली आहेत. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्याला भातातल्या खड्यासारखी लागत असे. लेखक पहिल्या प्रकरणात जे म्हणतो तेच सातव्या प्रकरणात नाकारतो, हेही तोच संकोचाने दाखवून देई. नोव्हेंबर २०२२ मधील एका संध्याकाळी छापखान्यातून घरी परतताना मागून आलेल्या मोटारीने त्याच्या स्कूटरला धडक दिली. काही मिनिटे त्याची शुद्ध हरपली. मग तो उठून बसला, नावपत्ता त्याने नीट सांगितला. रुग्णालयात सीटी स्कॅन झाला. त्यात रक्तस्राव किंवा अस्थिभंग दिसला नाही. दोन दिवसांनी घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, “मुका मार आहे, होईल बरं.”

त्यांच्या हातातील साधने तेवढेच सांगत होती. बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोन वैद्यांनी १९७४ साली एक मापनपद्धती सिद्ध केली. ती आज जगभर वापरली जाते. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिन्हींना गुण देऊन कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पंधरा अशी बेरीज होते. पंधरापैकी पंधरा गुण मिळालेल्या माणसाच्या मेंदूलाही इजा झालेली असू शकते. कवटीच्या आत द्रवात तरंगणारा मेंदू अचानक हिसका बसला की पुढे-मागे आदळतो. कपाळामागचा आणि कानशिलांलगतचा भाग आतल्या हाडांच्या खडबडीत कडांवर घासतो; लक्ष, संयम आणि स्मरण यांचे पुष्कळसे कार्य याच भागांत चालते. शिवाय मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले जातात, आणि हे ताणले जाणे साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही.

पहिल्या काही दिवसांतली धोक्याची चिन्हे निराळी: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, न उतरणारी गुंगी, झटके, अडखळणारी जीभ, एका बाजूचा अशक्तपणा, एका डोळ्याची बाहुली मोठी होणे. यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. वृद्धांमध्ये, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये, संथ रक्तस्राव काही आठवड्यांनीही प्रकट होतो.

माझ्या भावाच्या बाबतीत यांतले काहीच घडले नाही. जे घडले ते फार बारीक होते. कुकरची शिट्टी त्याला सहन होईना. दुपारभर तो झोपे. एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारी. कधी आवाज न चढवणारा हा माणूस नातवावर ताट आदळून ओरडला आणि दहा मिनिटांनी काही घडलेच नाही अशा रीतीने त्याच्याशी खेळू लागला. महिन्याभराने तो कामावर गेला. छापखान्याने त्याचे पहिले पुस्तक वितरकाकडून परत मागवले. त्यात एक पान दोनदा लागले होते आणि ते त्याच्या नजरेतून निसटले होते. लोक म्हणाले, वय झाले. कुणी म्हणाले, कामात मन नाही. त्याला स्वतःला विचारले तर तो म्हणे, “मी ठणठणीत आहे.” हे खोटे नव्हते. स्वतःतील उणीव ओळखण्याचे कार्यही मेंदूच करतो, आणि नेमके तेच दुखावले गेले होते.

या इजेच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रुग्ण अमेरिकेतील रेल्वेमार्गावरचा मुकादम फिनिअस गेज. १८४८ साली एक लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली आणि तरी तो जगला. त्याच्या स्वभावात पडलेला फरक डॉक्टर हार्लो यांनी १८६८ साली प्रसिद्ध केला. त्या वृत्तांतातील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बदल जाणवला तो त्याला आधीपासून ओळखणाऱ्यांना. पूर्वीचा पाठ ज्याने वाचला आहे, त्यालाच नव्या पाठातील फरक कळतो.

कायद्यापुढे प्रश्न येतो तो येथेच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ अन्वये जखमी व्यक्तीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. अपघात परगावी झाला असला तरी आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात अर्ज चालतो. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, अर्जासाठी अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत घातली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरी शहाण्याने ती पाळावी. मुका मार ओळखू येईपर्यंतच निम्मी मुदत सरते. स्त्रिया, मुले आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे आमच्या घरातही कुणाला ठाऊक नव्हते.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी मागितल्या. अपघातानंतर शुद्ध हरपली होती याची रुग्णालयाच्या कागदांतील नोंद, आणि मानसशास्त्रज्ञाकडून लक्ष, स्मरण व विचारांचा वेग यांची रीतसर चाचणी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या हानीची टक्केवारी नव्हे. डावा हात गेल्याने सुताराची सारी उपजीविका जाते, कारकुनाची जातेच असे नाही. भावाचे दोन्ही हात शाबूत होते. त्याच्या उपजीविकेचे अवयव अवधान आणि स्मृती हे होते. तिसरी गोष्ट त्यांनी त्याच्या पत्नीकडे मागितली: एक वही. रोज काय बदललेले दिसते ते तारखेसह लिहायचे.

ती मला म्हणाली, “भाऊजी, ही चहाडी झाली की हो. यांच्या पाठीमागे यांचीच चुकांची यादी करायची?” तिचा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. घरातले माणूस दुखावले की त्याचे उणे झाकणे, त्याचा चारचौघांत मान राखणे, ही आपल्या संसाराची शिकवण. भरपाईचा दावा नेमके उलटे मागतो. जो माणूस आपण गमावला त्याचे गमावणे त्याच्याच देखत, सरकारी शिक्क्याच्या कागदावर, सिद्ध करायचे. तिने पाच महिने वही लिहिली, आणि मे २०२३ मध्ये, मुदतीच्या आत, अर्ज दाखल झाला.

साक्षीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांनी तिला विचारले, “ते रोज फिरायला जातात ना? सही स्वतः करतात ना?” ती “हो” म्हणाली. मग तिने सांगितले की फिरायला जातात, पण परत कुठल्या वळणाने यायचे ते कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवावे लागते. न्यायाधिकरणात क्षणभर कुणी बोलले नाही. भाऊ मागच्या बाकावर बसून ऐकत होता.

त्या रात्री त्याने ती वही मागून घेतली. तिने ती नाइलाजाने दिली. कितीतरी वेळ तो एकेक पान वाचत राहिला. पहिल्या पानावरचा एक दीर्घ त्याने पेन्सिलीने ऱ्हस्व केला, पुढल्या पानांवरचे तसेच राहिले. वही मिटून तो म्हणाला, “लिहिलंय ते खरं असणार. तारखा तेवढ्या तपासून घ्या.”

वकीलबाईंनी तारखा तपासल्या. दावा अद्याप चालू आहे.