न लिहिलेली नोंद

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली, की मला सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील आजोळ आठवते. एरवी तेथे आंब्याची अढी असे, विहिरीत पोहणे असे आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर अंगणात आजीच्या गोष्टी असत. १९७३ साली मात्र दुष्काळाने विहिरीचा तळ दिसू लागला होता. रेशनवर तांबडा मिलो मिळे. गावातील बायामाणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात.

आजोबांचे किराणा दुकान होते. माझे अक्षर बरे, म्हणून उधारीची वही त्यांनी माझ्याकडे सोपवली. एका दुपारी शेजारची बाई पदरात थोडी डाळ बांधून घेऊन गेली. मी लेखणी उचलताच आजोबा हळूच म्हणाले, "राहू दे, बाळ. सगळेच लिहायचे नसते."

पुढे महाविद्यालयात शिकलो, की नोंदीवाचून व्यवहार नाही. बँकेत तो नियम मी आयुष्यभर काटेकोर पाळला. वसुलीसाठी कुणाच्या दारात उभा राहिलो, की ती कोरी ओळ आठवे आणि माझा आवाज आपोआप खाली येई.

एकदा मात्र तो खाली आला नाही. त्या घरातील मुले दाराआडून पाहत होती. निवृत्तीनंतरही ती नोंद माझ्या खाती तशीच आहे.